गिअर घसरतोय? आधी काठी बघ

बाळा, तुझा निरोप मिळाला. रेस वाढते पण गाडी पळत नाही, आणि गॅरेजवाला म्हणतो गिअरबॉक्स खोलावा लागेल. तू लगेच होकार दिला नाहीस हे फार चांगलं केलंस. जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअर घसरायला लागला की जो तो खोलण्याचीच भाषा करतो. खरं म्हणजे निदानाचं निम्मं काम डोळे, नाक आणि एक कोरा कागद एवढ्यावर होतं. खाली लिहिलंय ते क्रमानं कर. लहानपणापासून तुला गोष्टीचं शेवटचं पान आधी वाचायची सवय आहे, ती इथे उपयोगाची नाही.

१. आरपीएमचा काटा वर जातो आणि वेगाचा काटा जागेवर राहतो, त्यालाच घसरण म्हणायचं — इंजिन फिरतंय, पण त्याची ताकद चाकापर्यंत पोचत नाही. आरपीएमसुद्धा वाढत नसेल तर दुखणं इंजिनाचं आहे. एअर फिल्टर, प्लग, पेट्रोल पंप तिकडे बघ.

२. एक्सलेटर खालपर्यंत दाबल्यावर आरपीएम उडाला आणि गाडीही पुढे झेपावली, तर घाबरू नकोस — ओव्हरटेकसाठी तिनं खालचा गिअर घेतला, आणि ते तिचं कामच आहे.

३. मित्राच्या सीव्हीटी गाडीशी तुलना करू नकोस — तिच्यात पट्टा आणि पुली असतात, आवाज आधी चढतो आणि वेग मागून येतो. एएमटी तर साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. ती घसरली तर क्लच प्लेट बघायची, माझं हे पत्र तिला लागू नाही.

४. काटे बघत गाडी चालवू नकोस. शेजारी कुणाला तरी बसव आणि दोन्ही काट्यांचा मोबाईलवर व्हिडिओ घ्यायला लाव — तुझे डोळे रस्त्यावर हवेत, आणि मेकॅनिकला वर्णनापेक्षा काटा दिसलेला पटतो. सपाट रस्त्यावर ताशी ६० च्या वेगाला आरपीएम २,००० वरून एकदम ३,००० वर गेला आणि तू पाय हलवलासुद्धा नव्हतास, असा एक व्हिडिओ तासाभराच्या चर्चेपेक्षा जास्त सांगतो.

रेस वाढली, चाल नाही वाढली, तर गाठ गिअरात अडली, एवढं पाठ करून ठेव.

आता तेल. इथे जरा सावकाश वाच, कारण बहुतेक उत्तरं इथेच सापडतात. साध्या गाडीच्या गिअरबॉक्समधलं तेल नुसतं वंगणाचं काम करतं. ऑटोमॅटिकमध्ये तेच तेल गाडी ओढतं: टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद पुढे देतं, दाबानं क्लचच्या प्लेटा एकमेकींवर घट्ट बसवतं, आणि जाता जाता आतली सगळी उष्णता गोळा करून कूलरपाशी नेऊन सोडतं. जनरल मोटर्सनं १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिलमध्ये हायड्रामॅटिक दिला, तेव्हापासून यंत्रं पुष्कळ बदलली. पण तेलाच्या दाबानं क्लच धरायचे, हे तत्त्व तुझ्या गाडीतही तेच आहे. दाब कमी पडला की प्लेटा घट्ट धरत नाहीत, घासतात, तापतात आणि जळतात. जळालेल्या प्लेटांचा भुगा तेलात उतरतो, तो फिल्टर आणि व्हॉल्व्ह अडवतो, दाब आणखी पडतो. पाव-अर्धा लिटर कमी तेलानं सुरू झालेलं दुखणं असं वाढत जातं.

५. गाडीचं पुस्तक काढ आणि काठीनं (डिपस्टिकनं) तेल बघायची पद्धत त्यातूनच वाच — टोयोटाच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत इंजिन चालू ठेवून बघायचं असतं, होंडाच्या बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद केल्यावर मिनिट-दीड मिनिटात. उलट केलंस तर माप खोटं येतं.

६. तुझी टोयोटा आहे, तेव्हा वीसेक मिनिटं चालवून आण, सपाट जागी उभी कर, हँडब्रेक ओढ, ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर पी पासून एल पर्यंत प्रत्येक घरात क्षणभर थांबवत ने, परत पी वर आण आणि इंजिन चालू असतानाच काठी काढ — आतल्या सगळ्या वाटा तेलानं भरल्यावरची पातळीच खरी.

७. काठी पुसून पुन्हा घाल, मग वाच, आणि गरम गाडी ‘हॉट’च्याच खुणांवर वाच — तेल तापलं की फुगतं; ‘कूल’च्या खुणेशी ताडलंस तर कमी तेलही भरपूर वाटेल.

८. काठीवरचा थेंब पांढऱ्या टिश्यूवर टिप आणि उजेडात बघ — लाल आणि स्वच्छ असेल तर ठीक, तपकिरी असेल तर म्हातारं झालंय, काळं असून करपल्याचा वास येत असेल तर प्लेटांचं अस्तर जळून त्यात उतरलंय. वास घ्यायला लाजू नकोस, या कामात नाक डोळ्यांच्या पुढे असतं.

९. तेल स्ट्रॉबेरीच्या मिल्कशेकसारखं दिसलं तर गाडी तिथेच बंद कर, गॅरेजपर्यंतसुद्धा चालवू नकोस — रेडिएटरच्या आतला तेलाचा कूलर फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरलंय, आणि पाण्यानं प्लेटांचं अस्तर सुटून येतं. पाण्यात बुडालेल्या गाडीतही असंच होतं. म्हणून जुनी गाडी घेताना ती २०१९ च्या पुराच्या वेळी सांगली-कोल्हापूरकडे होती का, हे मालकाला सरळ विचारावं.

१०. काठीवर फेस किंवा बुडबुडे दिसले तर पातळी पुन्हा तपास — तेल कमी असलं तर पंप हवा ओढतो, जास्त असलं तर फिरणारे भाग ते घुसळतात. दोन्हीकडून दाबच पडतो.

११. कमी निघालं तर काठीच्याच नळीतून लांब फनेलनं पाव-पाव लिटर घाल आणि दर वेळी परत बघ — घालायला मिनिट लागतं, जास्त झालेलं काढायला अख्खी दुपार.

१२. तेल काठीवर किंवा पुस्तकात छापलेलंच आण: टी-फोर म्हणजे टी-फोर, डब्ल्यूएस म्हणजे डब्ल्यूएस — प्रत्येकाचं घर्षण त्या-त्या प्लेटांसाठी ठरवलेलं असतं. लाल ते सगळं एकच, असं सांगणाऱ्या दुकानदाराला नमस्कार करून पुढच्या दुकानात जा.

१३. तेल कमी होतं याचा अर्थ ते कुठून तरी जातंय — इंजिन ऑइल थोडंफार जळतं, गिअरबॉक्सचं तेल जळून संपत नाही. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा अंथर. सकाळी डाग लाल आणि बोटाला तेलकट लागला तर तेच. कूलंटही लाल-गुलाबी असू शकतं, पण ते पाण्यासारखं पातळ लागतं.

१४. डाग सापडला तर आधी तीन जागा बघ: पॅनचं गॅस्केट, ड्राइव्ह शाफ्टचे ऑइल सील आणि कूलरकडे जाणारे रबरी पाइप — हे तिन्ही गिअरबॉक्स न उघडता बदलता येतात.

१५. काठीच नसलेल्या गाड्यांत हे घरी करायला जाऊ नकोस — त्यांची पातळी खालच्या प्लगमधून, तेल ठरावीक तापमानाला असताना बघतात. त्यासाठी लिफ्ट आणि स्कॅनर दोन्ही हवेत.

काठी आधी, खोलाखोली नंतर. तेल पुरेसं आणि स्वच्छ निघालं, तरच पुढे जा.

१६. सकाळी गार असताना घसरते आणि दहा मिनिटांनी सुधारते, असं असेल तर लिहून ठेव — आतले रबरी सील वयानं कडक झालेत. तापून मऊ झाले की पुन्हा दाब धरतात.

१७. उलट गरम झाल्यावरच घसरत असेल तर जास्त काळजीचं — तापलेलं तेल पातळ होतं आणि झिजलेल्या जागांतून दाब निसटतो. म्हणून कॉलनीतल्या एका फेरीवरून निकाल देऊ नकोस. गार गाडी गोड बोलते, तापली की खरं बोलते.

१८. गरम गाडी सपाट जागी ब्रेक दाबून उभी ठेव, एन वरून डी टाक आणि हलका धक्का जाणवेपर्यंतचा वेळ मोज; मग एन वरून आर — टोयोटाच्या बऱ्याच सर्व्हिस मॅन्युअलमध्ये डी साठी १.२ सेकंद आणि आर साठी १.५ सेकंद ही वरची मर्यादा दिलेली असते. दोन-तीनदा मोज, मध्ये मिनिटभर थांब, आणि सरासरी लिही. एकदाच मोजून मला फोन करशील हे मला ठाऊक आहे.

१९. सगळ्याच गिअरांत आणि रिव्हर्समध्येही घसरत असेल तर दोष सगळ्यांच्या वाटेवरचा — तेल, फिल्टर, पंप किंवा टॉर्क कन्व्हर्टर.

२०. एकाच गिअरात घसरत असेल तर तो कुठला हे नेमकं शोध — प्रत्येक गिअरला आतले ठरावीक क्लच आणि ब्रेक धरतात, आणि मेकॅनिककडे त्याचा तक्ता असतो. तू गिअर सांगितलास की तो तक्त्यावर बोट ठेवू शकतो.

२१. डी मध्ये सुटताना पहिला गिअर घसरतो, पण लिव्हर एल वर ठेवली की नीट ओढतो, असं असेल तर हे मोठ्या अक्षरात लिही — बऱ्याच गिअरबॉक्समध्ये एल वर एक जास्तीचा ब्रेक पकड धरतो, म्हणून संशय वन-वे क्लचवर जातो.

२२. हायवेवर घसरत असेल तर ओव्हरड्राइव्हचं बटण बंद करून बघ — तिसऱ्यात नीट चालली तर दोष चौथ्याच्या क्लचमध्ये किंवा कन्व्हर्टरच्या लॉक-अप क्लचमध्ये शोधायचा.

२३. ताशी ६० ते ८० ला, हलक्या पायानं चालवताना रस्त्यावरच्या रंबलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर जाणवली तर मागचा रस्ता मोकळा बघून ब्रेकला नुसता हलका स्पर्श कर — ब्रेकचा दिवा लागला की कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच सुटतो. थरथर तेवढ्यात थांबली तर तोच दोषी. हे घसरणीचं पहिलं पाऊल असतं, पण पुष्कळदा योग्य नव्या तेलानंच सुधारतं.

२४. ब्रेक दाबून डी मध्ये जोरात रेस द्यायची, ती स्टॉल टेस्ट तू करायची नाहीस — पाच सेकंदांपेक्षा जास्त ताणली तर तेल उकळीच्या वाटेला लागतं, आणि ब्रेक सुटला तर गाडी समोरच्या भिंतीत. आकडा मॅन्युअलशी ताडणाऱ्या माणसाच्या हातीच ती शोभते: आकडा जास्त आला तर क्लच घसरतायत, कमी आला तर इंजिन अशक्त आहे किंवा कन्व्हर्टरमधला स्टेटर सैल सुटलाय.

२५. डॅशबोर्डवर ‘ओ/डी ऑफ’चा दिवा आपोआप लुकलुकत असेल तर आधी स्कॅनर लावून घे — गाडीच्या कॉम्प्युटरनं दोष नोंदवलाय. पी०७०० हा कोड म्हणजे गिअरबॉक्समध्ये काहीतरी आहे एवढीच वर्दी. पी०७३१ ते पी०७३४ म्हणजे अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या गिअरचं गुणोत्तर जुळत नाही. पी०७४१ म्हणजे लॉक-अप.

२६. कोड पुसायच्या आधी त्याचा फोटो काढ — पुसलेला कोड परत यायला कधी कधी आठवडा घेतो, आणि तोवर सगळे अंदाजावर बोलतात.

२७. बॅटरीचे टर्मिनल साफ आणि घट्ट कर, गिअरबॉक्सवरच्या वायरींचे जोड पावसाळ्यानंतर एकदा बघून घे — सोलेनॉइडला पुरेशी वीज मिळाली नाही तर निरोगी गिअरबॉक्सही चुकीच्या वेळी गिअर बदलतो. दोनशे रुपयांच्या जोडासाठी गिअरबॉक्स उतरवलेला मला बघवत नाही.

२८. खूप जुनी, एक्सलेटरची केबल गिअरबॉक्सपर्यंत जाणारी गाडी असेल तर त्या केबलचा ताण तपासून घे — ती ढिली असली की आतला दाब आणि गिअर बदलायची वेळ दोन्ही बिघडतात.

इथपर्यंत आलास की मग गॅरेज. चांगला मेकॅनिक तुझ्या प्रश्नांनी चिडत नाही. त्याला घाई नसते आणि तो आधी खालचा पॅन उतरवायचं म्हणतो. बॉक्स उतरवायची गोष्ट तो नंतर काढतो. अशा माणसाकडे गाडी दे, भले तो गावाच्या दुसऱ्या टोकाला असो.

२९. पॅन उतरवताना तू समोर उभा राहा आणि आतल्या चुंबकाचा फोटो घे — चुंबकावरचा बारीक राखाडी लेप वयाचा आहे, तो चालतो. धातूचे तुकडे किंवा काळ्या अस्तराचे कपचे दिसले तर मात्र आत मोडतोड आहे.

३०. बॉक्स उतरवण्याआधी तेलाचा दाब गेज लावून मोजायला सांग — दाब कमी असेल तर फिल्टर, पंप, व्हॉल्व्ह बॉडी यांच्याकडे जायचं. दाब ठीक असून घसरत असेल तर प्लेटा झिजल्यात. सोलेनॉइड आणि व्हॉल्व्ह बॉडी बऱ्याच गाड्यांत पॅनच्या बाजूनंच निघतात.

३१. काळं तेल बदललं की जुना गिअरबॉक्स बसतो, असं तुला दहा जण सांगतील; नव्या तेलानं सहसा काही बिघडत नाही — प्लेटा आधीच संपलेल्या असतात आणि दोष नव्या तेलावर येतो. मात्र मशीननं जोरात फ्लश करू नकोस. प्लग उघडून निघेल तेवढं काढ, तेवढंच भर, काही दिवस चालवून पुन्हा तसंच कर, कारण एका वेळी निम्मंही तेल बाहेर येत नाही, उरलेलं कन्व्हर्टरमध्ये बसून असतं.

३२. घसरण थांबवणाऱ्या औषधाची बाटली ओतू नकोस — ती सील फुगवते, चार दिवस बरं वाटतं, आणि निदानाच्या सगळ्या खुणा मिटतात.

३३. प्लेटा बदलायचीच वेळ आली तर जुने सुटे भाग पिशवीत भरून मागून घे, आणि कन्व्हर्टर व कूलर दोन्ही साफ करणार का, हे काम सुरू होण्याआधी विचार — कूलरमध्ये अडकलेला जुना भुगा नव्या प्लेटांत परत शिरतो. या एका प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर गाडी तिथे सोडू नकोस.

आता तोवर गाडी कशी वापरायची ते.

३४. गिअर घसरला की पाय काढ, कडेला घे — जोर दिल्यानं ती पुढे जात नाही, फक्त आतली उष्णता वाढते.

३५. ढकलून सुरू करायला जाऊ नकोस, आणि न्यायची वेळ आली तर फ्लॅटबेडच बोलाव — इंजिन बंद असलं की तेलाचा पंपही बंद. पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर गिअरबॉक्स कोरडा फिरतो.

३६. चढावर थांबताना एक्सलेटरवर गाडी तोलून धरू नकोस, ब्रेक वापर — उभ्या गाडीत रेस दिली की सगळी ताकद कन्व्हर्टरमधलं तेल तापवण्यात जाते.

३७. रिव्हर्सवरून डी टाकताना चाकं पूर्ण थांबू दे — उलट फिरणाऱ्या वजनाला थांबवायचं काम ब्रेकचं आहे, प्लेटांचं नाही.

३८. पार्क करताना आधी हँडब्रेक, मग पी — नाहीतर उतारावर गाडीचं सगळं वजन आतल्या बोटाएवढ्या खिट्टीवर येतं.

३९. उतारावर एन टाकून पेट्रोल वाचवू नकोस — वेग हातातून जातो, इंजिनाचा ब्रेक मिळत नाही, आणि परत डी टाकताना धक्का क्लचला बसतो. वाचतं काय, तर चहाचे पैसे.

४०. बरी झाल्यावर कात्रज किंवा पसरणी घाट चढताना ओव्हरड्राइव्ह बंद ठेव, गरज पडली तर लिव्हर २ वर — सारखा तिसरा-चौथा, तिसरा-चौथा करत राहिली की प्लेटा आणि तेल दोन्ही तापतात.

४१. आणि तेल साधारण ५०-६० हजार किलोमीटरला बदल, पुस्तकात कायमचं भरलंय असं लिहिलं असलं तरी — आपल्याकडचा उन्हाळा, गर्दी आणि चढ तेल लवकर म्हातारं करतात.

आता तो कोरा कागद घे. त्यावर तेलाची पातळी, रंग आणि वास लिही. गार असताना घसरते की गरम. कुठल्या गिअरात, कुठल्या वेगाला. डी आणि आर पकडायला किती सेकंद. दिवा लुकलुकतो का, कोड कुठला. गाडीखाली डाग आहे का. कागद भरला की फोटो काढून मला पाठव, आणि तोवर गाडी घाटात नेऊ नकोस.